दामोदर कोसंबी : वेतन संस्थेचे, मत स्वतःचे

१९६२ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या इतिहासात दोन नोंदी झाल्या. जानेवारीत कुलाब्याच्या समुद्रकाठी उभ्या राहिलेल्या नव्या वास्तूचे उद्घाटन पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते झाले. त्याच वर्षी, सोळा वर्षे संस्थेत गणिताचे प्राध्यापक असलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्या सेवेचा करार वाढवण्यात आला नाही. पहिल्या घटनेचा यथोचित गाजावाजा झाला. दुसरीला ना आरोपपत्र होते, ना सुनावणी. मुदत संपली आणि नवी मिळाली नाही, एवढेच.

अणुऊर्जेच्या सरकारी धोरणावर जाहीर टीका करणारा शास्त्रज्ञ अणुऊर्जा खात्याच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेत किती काळ राहू शकतो, हा प्रश्न त्या न वाढलेल्या करारामागे उभा होता. आज अमेरिकेत, कॅनडात किंवा ब्रिटनमध्ये सरकारी प्रयोगशाळांतील संशोधकांनी पत्रकारांशी बोलावे की नाही यावरून वाद पेटतात, तेव्हा आपल्यापैकी अनेकांना तो परक्या भूमीतला वाद वाटतो. वास्तविक आपल्याच भाषेत वाढलेल्या एका माणसाने तो साठ-सत्तर वर्षांपूर्वी स्वतःच्या अंगावर घेतला होता.

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. वडील आचार्य धर्मानंद कोसंबी यांनी ज्ञानाच्या ओढीने घर सोडले होते आणि नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश असे फिरत पाली भाषा व बौद्ध धर्म यांचा अभ्यास केला होता. हार्वर्ड विद्यापीठात विसुद्धिमग्ग या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी त्यांना बोलावणे आले, आणि १९१८च्या फेरीत त्यांनी अकरा वर्षांच्या दामोदरला सोबत नेले. मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिजच्या शाळेत हा मुलगा शिकला. मध्ये काही काळ भारतात येऊन पुन्हा तिकडे गेला आणि १९२९ साली हार्वर्डमधून अत्युच्च श्रेणीत पदवीधर झाला. बोस्टन परिसरात आज राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या मुलांना हे आयुष्य ओळखीचे वाटेल: घरात एक भाषा, शाळेत दुसरी, आणि उन्हाळ्यात लांबलचक पायपीट. ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन, इटालियन या भाषा त्याने तेथेच आत्मसात केल्या. संस्कृतवरचे प्रभुत्व पुढे स्वतःच्या हट्टाने मिळवले.

पदवीनंतर पुढील संशोधनासाठी अमेरिकेत आर्थिक आधार मिळाला नाही, म्हणून कोसंबी परतले. आधी बनारस, मग अलिगढ. अलिगढला त्यांना बोलावणारे गृहस्थ म्हणजे तरुण फ्रेंच गणिती आंद्रे वेल. या दोघांनी मिळून केलेली एक थट्टा गणिताच्या इतिहासात अजरामर झाली आहे. वेल यांच्या सूचनेवरून कोसंबींनी १९३१ साली एक शोधनिबंध लिहिला आणि त्यातील प्रमेयाचे श्रेय बूर्बाकी नावाच्या, अस्तित्वातच नसलेल्या एका रशियन गणितीला देऊन टाकले. काही वर्षांनी वेल आणि त्यांच्या मित्रांनी हेच नाव घेऊन गणिताची आधुनिक इमारत रचणारे ग्रंथ लिहिले. बूर्बाकी हे नाव छापील गणितात प्रथम आले ते या कोकणी-मराठी प्राध्यापकाच्या निबंधात.

१९३३पासून बारा वर्षे कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात होते. परीक्षेपुरते शिकवणे त्यांना जमत नसे आणि विद्यार्थ्यांनाही त्यांचा वेग झेपत नसे. त्यांचे शाश्वत काम मात्र याच काळातले. जुनी आहत नाणी सूक्ष्म तराजूवर तोलून, हाताळणीने होणाऱ्या झिजेचे गणित मांडून त्यांनी नाणकशास्त्राला मोजमापाची शिस्त लावली. १९४३ साली त्यांनी यादृच्छिक फलनांच्या विस्ताराची एक पद्धत मांडली. कारुनेन आणि लोएव्ह यांच्या नावांनी ती पुढे प्रसिद्ध झाली. संकेत-प्रक्रिया आणि प्रतिमा-संकोचनात काम करणाऱ्या आपल्या अनेक वाचकांनी ती वापरली असेल. १९४४ साली गुणसूत्रावरील जनुकांमधील अंतर काढण्याचे सूत्र त्यांनी दिले. वनस्पती-प्रजननाच्या प्रयोगशाळांत ते आजही त्यांच्या नावानेच चालते. भर्तृहरीच्या सुभाषितांच्या शेकडो हस्तलिखितांची चिकित्सा करून संपादित आवृत्ती सिद्ध करणे हा त्याच सुमाराचा, म्हटले तर फावल्या वेळेतला, उद्योग.

होमी भाभांनी १९४५ साली टाटा संस्थेची स्थापना केली. गणित सांभाळण्यासाठी त्यांनी ज्यांना प्रथम हाक दिली त्यांत कोसंबी होते. भाभा दोन वर्षांनी लहान. दोघेही पाश्चात्त्य विद्यापीठांत घडलेले, कलांची उत्तम जाण असलेले आणि कमालीचे आत्मविश्वासी. संस्था आधी पेडर रोडवरील एका बंगल्यात आणि मग गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबात होती. कोसंबींनी पुण्यातले घर सोडले नाही. डेक्कन क्वीनने सकाळी मुंबई, संध्याकाळी पुणे, असा त्यांचा क्रम वर्षानुवर्षे चालला. त्या गाडीत त्यांचे वाचन होई, लेखन होई, आणि सहप्रवाशांशी वादही होत.

१९४८-४९मध्ये युनेस्कोची शिष्यवृत्ती घेऊन ते इंग्लंड-अमेरिकेत गेले. विषय होता इलेक्ट्रॉनिक गणनयंत्रे. शिकागो विद्यापीठात त्यांनी भूमिती शिकवली, प्रिन्स्टनच्या प्रगत अभ्यास संस्थेत काही काळ काढला. परतल्यावर जागतिक शांतता चळवळीत ते उतरले, आणि मतभेदाची पहिली ठिणगी येथे पडली असे मानायला जागा आहे.

त्या चळवळीचे अध्यक्ष होते फ्रेडरिक जोलिओ-क्युरी. नोबेल पारितोषिक मिळवलेले हे भौतिकशास्त्रज्ञ फ्रान्सच्या अणुऊर्जा आयोगाचे प्रमुख होते. १९५०च्या मार्चमध्ये स्टॉकहोमहून अण्वस्त्रबंदीचे आवाहन निघाले, त्यावर त्यांची पहिली सही होती. सोव्हिएत संघाविरुद्धच्या युद्धासाठी आपले विज्ञान देणार नाही, असेही त्यांनी जाहीर केले. एप्रिल संपण्यापूर्वी फ्रेंच सरकारने त्यांना पदावरून दूर केले. चार वर्षांनी अमेरिकेत रॉबर्ट ओपनहायमर यांची कित्येक आठवडे चौकशी होऊन त्यांचा गोपनीय माहितीचा परवाना काढून घेण्यात आला. पॅरिस असो वा वॉशिंग्टन, अणू एकदा राज्यसंस्थेच्या तिजोरीत गेला की त्याच्याविषयी बोलणारी तोंडेही राज्याच्या मालकीची समजली जाऊ लागली.

भारताने वेगळी वाट धरली असे म्हणता येत नाही. स्वातंत्र्यानंतर वर्षभराच्या आत अणुऊर्जेचा कायदा झाला, आणि त्यातील गोपनीयतेच्या तरतुदी संविधान सभेतच वादाचा विषय झाल्या. ब्रिटनच्या कायद्यापेक्षाही हा पडदा जाड का, असे एस. व्ही. कृष्णमूर्ती राव यांनी नेहरूंना विचारले होते. संशोधन शांततेसाठी असेल तर गुप्तता कशाला, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळाले नाही. १९५४ साली स्वतंत्र खाते झाले. भाभा एकाच वेळी अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष, खात्याचे सचिव आणि टाटा संस्थेचे संचालक होते, आणि ते थेट पंतप्रधानांशी बोलत. त्याच वर्षी मेघनाद साहा यांनी लोकसभेत या व्यवस्थेवर कडक टीका केली. गोपनीयतेने विज्ञान गुदमरते आणि विद्यापीठे उपाशी राहतात, असा त्यांचा रोख होता. साहा अपक्ष म्हणून निवडून आले होते. त्यांना करार नव्हता, मतदारसंघ होता.

कोसंबींना मात्र करार होता. तांत्रिकदृष्ट्या ते सरकारी नोकर नव्हेत. टाटा विश्वस्त निधी, मुंबई राज्य आणि केंद्र सरकार यांच्यातील व्यवस्थेवर संस्था चाले, पण पैशाचा मोठा ओघ दिल्लीहून येई आणि १९५०च्या दशकात तो वाढतच गेला. सरकारी सेवेतील माणसाने सरकारी धोरणावर जाहीर टीका करू नये, हे आपल्या सेवानियमांत स्पष्ट लिहिलेले असते. संशोधन संस्थेत ते लिहिण्याची गरजही पडत नाही.

कोसंबींचे म्हणणे काय होते? एक, ज्या देशात भांडवल तुटपुंजे आहे त्याने सर्वांत खर्चिक आणि परावलंबी तंत्रज्ञानामागे धावू नये. दोन, किरणोत्सर्गाचे धोके आणि उरणाऱ्या राखेचे काय करायचे याचा हिशेब कोणीच जनतेसमोर मांडत नाही. तीन, या देशावर सूर्य वर्षातले आठ-नऊ महिने मुक्तहस्ते ऊर्जा ओततो. ती विकेंद्रित आहे, खेड्यात जिथे हवी तिथेच पडते, आणि तिचा उपयोग झाला तर जळणासाठी होणारी जंगलतोड थांबेल. १९६०च्या जुलैत पुण्याच्या रोटरी क्लबसमोर त्यांनी हीच मांडणी केली. श्रोते उद्योजक आणि व्यावसायिक, वक्ता मार्क्सवादी, विषय पंतप्रधानांच्या आवडीचा. चार वर्षांपूर्वी तुर्भ्याला अप्सरा ही आशियातील पहिली अणुभट्टी सुरू झाली होती. तिचा अभिमान देशभर होता आणि तो अस्थानी नव्हता. त्या अभिमानाची किंमत विचारणारा माणूस तिच्या जन्मदात्याच्याच संस्थेत बसलेला होता.

येथे भाभांनाही न्याय दिला पाहिजे. १९५०च्या दशकात सूर्याच्या उष्णतेवर चालणारी साधने प्राथमिक होती. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने तयार केलेली सूर्यचूल बाजारात सपशेल पडली. प्रकाशापासून थेट वीज करणारा सिलिकॉनचा घट अमेरिकेत १९५४ साली तयार झाला होता, पण त्याची किंमत उपग्रहालाच परवडणारी होती. औद्योगिक राष्ट्र उभारू पाहणाऱ्या माणसाने त्या वेळी सौरऊर्जेवर भिस्त ठेवली नाही, यात मूर्खपणा नव्हता. आज भारताची सौर क्षमता १०० गिगावॉटच्या पुढे गेली आहे आणि अणुवीज देशाच्या एकूण विजेच्या सुमारे ३ टक्क्यांवर रेंगाळते आहे. त्यावरून कोसंबींना द्रष्टे ठरवण्याचा मोह होतो. मला तो आवरता घ्यावासा वाटतो. ते बरोबर निघाले की चूक, यापेक्षा त्यांचा प्रश्न तेव्हा विचारला जाणे महत्त्वाचे होते, आणि तो विचारण्याइतकी माहिती असलेली माणसे देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. त्यांतली बहुतेक त्याच खात्याच्या वेतनपटावर होती.

या कोंडीचा विचार कोसंबींनी स्वतः आधीच केलेला होता. १९५२ साली न्यूयॉर्कच्या मंथली रिव्ह्यू या मासिकात त्यांनी विज्ञान आणि स्वातंत्र्य यांवर एक निबंध लिहिला. शास्त्रज्ञ आपल्या स्वातंत्र्याच्या गप्पा मारतो तेव्हा त्याच्या प्रयोगशाळेचे भाडे कोण देतो हे विसरतो, असा त्याचा एकूण सूर आहे. विज्ञानाचे विषय, त्याची साधने आणि त्याचे मौनही समाजातील सत्ताधारी वर्गाच्या गरजांनी घडते, असे त्यांनी मांडले. म्हणजे दहा वर्षांनी आपल्या बाबतीत जे होणार होते त्याचे शास्त्र त्यांनी अगोदरच लिहून ठेवले होते. तरीही ते बोलत राहिले.

संस्थेने त्यांना दूर केले ते केवळ या भाषणांमुळे, असे छातीठोकपणे सांगणे मात्र योग्य होणार नाही. इतर कारणे होती आणि ती खोटी नव्हती. १९४९नंतर के. चंद्रशेखरन यांच्या नेतृत्वाखाली संस्थेत शुद्ध गणिताचे जागतिक दर्जाचे विद्यालय उभे राहिले. त्या तरुण, शिस्तबद्ध मंडळींत कोसंबी एकटे पडले. त्यांचे लक्ष इतिहासाकडे वळले होते. १९५६ साली भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची दिशा बदलणारा त्यांचा ग्रंथ आला, तो गणिताच्या प्राध्यापकाने लिहिलेला होता. त्यातच १९५९ साली त्यांनी रीमान गृहीतक सिद्ध केल्याचा दावा केला. गणितातील सर्वांत अवघड समजल्या जाणाऱ्या प्रश्नांपैकी हा एक, आणि त्याची संभाव्यताशास्त्राच्या वाटेने दिलेली सिद्धता त्यांनी छापली कुठे, तर कृषी सांख्यिकीच्या नियतकालिकात. सिद्धता टिकली नाही. गणितींच्या जगात अशा दाव्याची शिक्षा कठोर असते, आणि त्यांची विश्वासार्हता त्यानंतर सावरली नाही.

विरोधी मताच्या माणसाला दूर करायचे असेल तर त्याच्या कामातील खरी उणीव हाताशी असणे सोयीचे असते. कोसंबींनी ती सोय स्वतःच करून दिली. भाभांच्या मनात अणुऊर्जेवरील टीका किती आणि रीमान किती, याचे वजन त्यांच्या नाण्यांच्या तराजूवरही करता आले नसते. मला स्वतःला असे वाटते की एकट्या गणिती चुकीसाठी सोळा वर्षांच्या सहकाऱ्याला कुलाब्याच्या नव्या वास्तूबाहेर ठेवले गेले नसते. टीका नसती तर त्यांना इतिहासात रमलेला वडीलधारा प्राध्यापक म्हणून सांभाळून घेतले गेले असते. त्या काळच्या संस्थांत असे बरेच जण सांभाळले जात.

त्यांच्या बाजूने उभा राहील असा गट त्यांनी जवळ ठेवला नव्हता, हेही खरे. नेहरूंच्या भारतशोधाच्या ग्रंथावर त्यांनी १९४६ सालीच भांडवलदार वर्गाच्या वयात येण्याचा दाखला म्हणून परखड परीक्षण लिहिले होते. पण साम्यवादी पक्षाचे नेते श्रीपाद अमृत डांगे यांच्या प्राचीन भारतावरील पुस्तकाचीही त्यांनी तितक्याच निर्दयपणे चिरफाड केली. पक्षाच्या अधिकृत मार्क्सवाद्यांना त्यांनी दिलेले इंग्रजी आद्याक्षरांचे नाव मराठी कानाला ओंकारासारखे ऐकू येई, आणि तो योगायोग नसावा. जीभ तिखट, संयम कमी. सहकाऱ्याच्या अज्ञानावर पांघरूण घालणे त्यांना ठाऊक नव्हते. अशा माणसाचा करार संपतो तेव्हा निषेधाच्या पत्रकावर सह्या जमत नाहीत.

भाषणाचे स्वातंत्र्य प्रत्यक्षात पदावर कसे अवलंबून असते हे दोन वर्षांनी दिसले. १९६४च्या ऑक्टोबरात चीनने अणुस्फोट केला. आठवड्याभरात, २४ ऑक्टोबरला, भाभांनी आकाशवाणीवरून भाषण केले आणि ५० अणुबॉम्बचा साठा १० कोटी रुपयांहून कमी खर्चात होऊ शकेल असा हिशेब देशाला ऐकवला. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री तेव्हा बॉम्ब न बनवण्याच्या भूमिकेवर ठाम होते, आणि हे आकडे त्यांना अडचणीचे ठरले. संसदेत बॉम्बसमर्थकांनी ते लगेच उचलून धरले. सरकारच्याच सचिवाने सरकारी धोरणाला छेद देणारे आकडे सरकारच्याच रेडिओवरून सांगितले, तरी त्यांच्या पदाला धक्का लागला नाही. आकडे फार आशावादी होते, ही टीका तेव्हाही झाली. कोसंबींनी आपली आकडेमोड रोटरी क्लबात मांडली होती.

करार संपल्यावर कोसंबी दोन वर्षे कोणत्याही संस्थेविना होते. पण रिकामे नव्हते. पुण्याभोवतीच्या टेकड्या, कार्ले, जुन्नर, देहूचा परिसर ते पायी तुडवत. हातातल्या काठीच्या टोकाला लोखंडी छिन्नी बसवलेली असे. तिने माती उकरून ते अश्मयुगीन सूक्ष्म हत्यारे गोळा करत. गावाबाहेरच्या शेंदूर लावलेल्या देवतांची ठाणी, जुने व्यापारी मार्ग आणि लेणी यांचा संबंध त्यांनी याच पायपिटीतून जुळवला. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतील छात्रांनाही ते पुरातत्त्वाच्या शोधमोहिमांवर नेत. शांतता परिषदेच्या सदस्यामागे भावी सेनाधिकारी दगड वेचत हिंडताहेत, हे दृश्य त्यांच्या टीकाकारांना कोड्यात टाकणारे होते. १९६२ सालीच त्यांचा मिथक आणि वास्तव यांवरील निबंधसंग्रह आला, १९६५ साली प्राचीन भारताच्या संस्कृतीवरील ग्रंथ लंडनहून निघाला.

१९६४ साली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांना सन्माननीय शास्त्रज्ञाचे पद दिले आणि ते पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीशी जोडले गेले. ही परिषदही सरकारचीच. एका खात्याने सोडलेला माणूस दुसऱ्याने उचलला, याचे श्रेय भारतीय व्यवस्थेला दिले पाहिजे. मॉस्कोत त्याच काळात दुसरे खाते भेटत नसे, तुरुंग भेटे. निकोलाय वाविलोव यांच्यासारखा वनस्पतिशास्त्रज्ञ १९४३ साली साराटोवच्या कारागृहात उपासमारीने मेला होता. सोव्हिएत शांततावादाशी सलगी ठेवणाऱ्या कोसंबींनी त्या अध्यायावर जितके बोलायला हवे होते तितके बोलले नाहीत, हेही नोंदवले पाहिजे.

अविभाज्य संख्यांचा नाद अखेरपर्यंत सुटला नाही. या काळातले काही निबंध त्यांनी एस. ड्यूक्रे या फ्रेंच वाटणाऱ्या नावाने छापले. त्या नावाचे मूळ मराठीतल्या डुक्कर या शब्दात आहे, असे त्यांच्या परिचितांनी सांगितले आहे. बूर्बाकीपासून सुरू झालेली थट्टा अशी परत आली. फक्त या वेळी टोपणनावाची गरज त्यांना खरोखरच होती, कारण त्यांच्या स्वतःच्या नावाने आलेले गणित कोणी उघडून पाहिलेच असते असे नाही.

१९६६च्या २४ जानेवारीला भाभांचे विमान मॉं ब्लांवर कोसळले. पाच महिन्यांनी, २९ जूनच्या पहाटे, पुण्यातील राहत्या घरी झोपेतच हृदयविकाराने कोसंबींचे निधन झाले. वय ५८. इतिहासकारांनी त्यांना कधीच विसरले नाही, पण गणितींनी जवळजवळ अर्धशतक घेतले. त्यांचे निवडक गणिती आणि सांख्यिकी निबंध एकत्रित ग्रंथरूपाने २०१६ साली प्रसिद्ध झाले.